तलंगेचे पोट बिघडते तेव्हा

भोर तालुक्यातल्या आमच्या घरामागे परसात काही गावठी आणि काही गिरिराज कोंबड्या आहेत. गेल्या वर्षी ज्येष्ठात, पाऊस नुकता लागला असताना, आठवडा बाजारातून आणलेल्या दोन तलंगांची त्यांत भर पडली. दोघी साधारण साडेतीन-चार महिन्यांच्या, अजून अंड्यावर न आलेल्या. एक तांबडी, एक काळी. त्यांतली तांबडी आषाढाच्या मध्यावर आजारी पडली आणि तिच्या निमित्ताने कोंबडीच्या पोटाचे दुखणे कसे ओळखायचे, कोणते उपाय घरी करायचे आणि कोणते मुळीच करायचे नाहीत, हे मला टप्प्याटप्प्याने समजत गेले. ते जसे घडले तसे येथे लिहीत आहे. चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्या घरांत अशी तलंग आजारी पडली की ‘पावसाळी हवेने गेली’ असे म्हणून तिचा विषय संपवला जातो, आणि अशा कितीतरी तलंगा वेळेवर लक्ष दिले तर वाचतात असे माझे ठाम मत आहे.

खुराड्याचे दार उघडले की सगळ्यांच्या आधी उडी टाकणारी ही तलंग एकाएकी मागे राहू लागली. मी भरडा टाकला की ती इतरांबरोबर धावत यायची, दाणा चोचीत धरायची आणि तसाच खाली टाकायची. दुपारी इतर कोंबड्या उकिरडा उकरत असताना ही पिसे फुलवून, शेपटी खाली पाडून भिंतीच्या आडोशाला उभी असायची आणि तिचे डोळे अर्धवट मिटलेले असायचे. कोंबडी आपले दुखणे शक्य तितके लपवते, कारण दुबळी कोंबडी दिसली की कळपातल्या इतर तिला चोची मारून बाजूला काढतात. त्यामुळे अंग फुलवून उभी असलेली कोंबडी दिसली म्हणजे दुखणे आजचे नाही, ते आधीपासून मुरत आले आहे, असे धरूनच पुढे जावे लागते. मी तिला उचलले तेव्हा ती हाताला हलकी लागली. छातीच्या हाडाची धार दोन्ही बाजूंच्या मांसातून स्पष्ट वर आली होती, तर तिच्याच बरोबरीच्या काळीचे हाड भरल्या अंगात हाताला जेमतेम लागत होते. नव्या माणसाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोंबडीच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्यामुळे ती हाताला गरम लागली म्हणून तिला ताप आहे असे समजण्यात अर्थ नसतो. वजन, चाल, भूक आणि विष्ठा यांवरूनच अंदाज बांधावा लागतो.

त्या संध्याकाळी मी तिला पडवीत डालग्याखाली वेगळी ठेवली आणि खाली जुन्या वर्तमानपत्राचे कोरडे कागद अंथरले. वेगळे ठेवण्याची कारणे दोन होती. आजार संसर्गजन्य असेल तर तो पसरू नये, हे उघडच आहे. पण तितकेच महत्त्वाचे असे की, खुराड्यात कोणती शीट कोणाची हे कधीच कळत नाही, आणि डालग्याखाली एकटीचा हिशेब स्वच्छ लागतो. किती खाल्ले, किती प्याले, किती वेळा विष्ठा केली आणि ती कशी होती, एवढ्या चार गोष्टी सकाळपर्यंत हाती येतात. पाणी मी मोजून ठेवले होते. पावसाची झड चालू होती म्हणून डालग्याच्या एका बाजूला पिवळा बल्ब लावला आणि दुसरी बाजू मोकळी सोडली, म्हणजे ऊब हवी असेल तर तिला जवळ येता यावे आणि नको असेल तर दूर सरकता यावे. आजारी पाखरू अंगातली ऊब टिकवण्यातच आपली शक्ती खर्च करते, ती वाचली तर पोटाच्या कामी येते.

सकाळी दाणे-पाणी देण्याआधी मी तिची अन्नपिशवी तपासली. कोंबडीला दात नसतात. तिने टिपलेला दाणा आधी मानेच्या तळाशी, छातीच्या किंचित उजव्या अंगाला असलेल्या या पिशवीत साठतो आणि भिजून मऊ होतो; मग जठरात त्याला पाचकरस मिळतात, आणि चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर ज्याला पेटा म्हणून विकतात त्या जाड स्नायूच्या पोटात, गिळलेल्या खड्यांच्या मदतीने, तो दळला जाऊन आतड्यात उतरतो. संध्याकाळी पोटभर खाऊन दांडीवर चढलेल्या कोंबडीची अन्नपिशवी फुगलेलीच असणार, त्यात काळजीचे काही नाही. रात्रभरात मात्र ती रिकामी व्हायला हवी. म्हणून ही तपासणी सकाळी उपाशीपोटीच करायची असते, दुपारी किंवा संध्याकाळी केलेल्या तपासणीवरून काही ठरवता येत नाही. मी आधी काळीला हातात घेतले. तिची पिशवी सपाट होती, बोटांखाली नुसती सैल कातडी लागली. तांबडीची मात्र भरलेली होती. मधल्या बोटाने हलकेच दाबले तर मळलेल्या कणकेसारखा खळगा पडत होता आणि हळूहळू भरून येत होता.

हाताला जे लागते त्यावरून पुढचा विचार ठरतो, म्हणून येथे थोडे थांबते. पिशवी घट्ट, गाठीसारखी लागली आणि आत काड्यांचा किंवा धाग्यांचा गोळा जाणवला, तर ती तुंबलेली असते. लांब वाळके गवत, पेंढ्याचे तुकडे, नारळाची शेंडी, पोत्याचे धागे यांची गुंडाळी होऊन पुढची वाटच बंद होते. याउलट पिशवी पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी थुलथुलीत लागली आणि चोच उघडल्यावर आंबूस, कुजकट वास आला, तर आतले अन्न साचून आंबलेले असते आणि कॅन्डिडा नावाच्या किण्व बुरशीने तिथे घर केलेले असण्याचा संभव असतो. तांबडीच्या चोचीला तसा वास नव्हता. गाठही नव्हती. पिशवी नुसती मंदावलेली होती. पुढे सरकायचे काम तिने जवळजवळ थांबवले होते, पण अडथळा तिच्यातच होता असे हाताला लागत नव्हते.

मग मी कागदावरची विष्ठा पाहिली. कोंबडीची नेहमीची शीट तपकिरी-हिरवट, आकार धरणारी असते आणि तिच्यावर पांढरी टोपी असते. हा पांढरा भाग म्हणजे तिची लघवीच, ती घट्ट युरिक आम्लाच्या रूपात विष्ठेबरोबरच बाहेर पडते. दिवसातून काही वेळा मात्र कोंबडी चॉकलेटी रंगाची, चिकट, उग्र वासाची विष्ठा टाकते. ती आंधळ्या आतड्यातून, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या बंद टोकाच्या पिशव्यांतून, येते आणि पूर्णपणे निरोगीपणाची असते. पुष्कळ लोक हीच पाहून हगवण लागली असे समजतात आणि उगाच औषधे सुरू करतात. तांबडीच्या कागदावर मात्र यांतले काही नव्हते. पाणीच जास्त होते, त्यात बुळबुळीत आव होती, भरड्याचे कण न पचता जसेच्या तसे दिसत होते, आणि दोन ठिकाणी आवेत नारिंगी-लालसर तंतू गुंतलेले होते. मी कागद दारात, उजेडात नेऊन पुन्हा पाहिला. लाल रंग भरड्यातल्या कशाचा नव्हता. आतड्याच्या अस्तराचे तुकडे आणि थोडे रक्त, असेच ते दिसत होते.

म्हणजे आता दोन गोष्टी समोर होत्या, वर मंदावलेली अन्नपिशवी आणि खाली बिघडलेली आतडी. नुसती पिशवी चाचपून कोणीही तुंबल्याचा निष्कर्ष काढला असता. शेजारच्या आत्या सकाळी आल्या तेव्हा त्यांनी तेच सांगितले, “अगं, गळ्यात अडकलंय तिच्या. गोडं तेल पाज, पाय वर करून धर आणि चोळ, सगळं बाहेर येईल.” त्यांनी आयुष्यभर कोंबड्या सांभाळल्या आहेत आणि त्यांच्या अनुभवाला मी मान देते, पण पाय वर करून पोट ओतण्याचा हा उपाय मी करू दिला नाही. कोंबडीच्या जिभेमागेच श्वासनलिकेचे तोंड असते. उलटी धरून पिशवी दाबली की वर आलेले पातळ द्रव्य सहज त्या वाटेने फुप्फुसात शिरते आणि कोंबडी हातातच गुदमरून जाऊ शकते. खरोखर तुंबलेली पिशवी असेल तर कोंबडीला सरळ धरून, काही तास घन खाद्य बंद ठेवून, थोडे कोमट पाणी आणि थेंब-थेंब खाद्यतेल देऊन, बोटांनी हलकेच चोळणे हा घरगुती उपाय पुरेसा असतो, आणि दिवसभरात त्याने उतार पडला नाही तर पशुवैद्यकाकडेच न्यावे लागते. आमच्याच एका जुन्या गावठी कोंबडीच्या पिशवीत नायलॉनच्या पोत्याच्या धाग्यांचा गुंता झाला होता. डॉक्टरांनी जागा बधिर करून छोटा छेद घेतला, धाग्यांचा बोळा बाहेर काढला आणि पिशवी व कातडी वेगवेगळी शिवली. ती पुढे बरीच जगली. तेव्हापासून आमच्याकडे खाद्याचे पोते उघडल्यावर त्याची शिवण आधी चुलीत जाते. तांबडीचे लक्षण वेगळे होते, आणि आतड्यात आग असताना नुसत्या तेलाने वरची पिशवी मोकळी करण्यात काही हशील नव्हते, कारण खालचे काम बंद पडले की वरचे आपोआप तुंबते.

आव आणि रक्त म्हटल्यावर मनात पहिली शंका कॉक्सिडिओसिसची येते, ज्याला आपल्याकडे रक्ती हगवण म्हणतात. आयमेरिया नावाचे एकपेशीय परजीवी आतड्याच्या अस्तरात शिरून वाढतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. कोंबडीत त्यांच्या मुख्यतः सात जाती मानल्या जातात आणि प्रत्येक जात आतड्याचा आपापला भाग धरते. पण शंकेवर औषध देणे मला पटत नाही. जंत, खाद्यातला बिघाड, जिवाणूंचा संसर्ग, राणीखेतीसारखा विषाणूरोग अशी कितीतरी कारणे हगवणीमागे असू शकतात आणि प्रत्येकाचे औषध निराळे असते. म्हणून त्याच सकाळी ताज्या विष्ठेचा नमुना, आव आणि लालसर भागासह, एका स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या प्लास्टिकच्या डबीत घेतला. दुसऱ्या डबीत खुराड्यातल्या इतर कोंबड्यांच्या शिटेचा नमुना घेतला. तांबडीला टोपलीत घालून, वर सुती कापड बांधून मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी कोंबडीला हात लावण्याआधी बरेच प्रश्न विचारले, आणि ते प्रश्न लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एकूण पाखरे किती, त्यांतली आजारी किती, अचानक मेलेली काही आहेत का? ही कुठून आणली, कधी आणली, लस झाली आहे का? खाद्य कोणते, पाणी कुठले, खुराड्यात खाली काय अंथरले आहे? मान वाकडी होते का, श्वासाला घरघर आहे का, पाय ओढते का? मान वाकडी होणे आणि हिरवट हगवण यांवरून राणीखेतीचा, म्हणजे गावात ज्याला मानमोडी म्हणतात त्या रोगाचा संशय येतो, आणि बाजारातून आणलेल्या तलंगेला लहानपणी त्या रोगावरची लासोटा आणि पुढे आर-टू-बी ही लस मिळाली होती की नाही हे विकणाराही सांगू शकत नाही. एकापेक्षा अधिक पाखरे एकाएकी मेली असती तर गोष्ट घरगुती उपचारांच्या पलीकडची झाली असती. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापुरात आढळला होता, तेव्हापासून अशी मर्तूक लपवू नये, मेलेले पाखरू उघड्यावर फेकू नये आणि ताबडतोब कळवावे, हे डॉक्टर प्रत्येकाला बजावतात. दवाखाना दूर असेल तर त्यासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही आहे.

तपासणी माझ्यासमोरच झाली. थोडी विष्ठा मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून गाळली, ते द्रावण छोट्या नळीत काठोकाठ भरले आणि वर काचेची चकती टेकवून काही मिनिटे तसेच ठेवले. जड घाण खाली बसते आणि परजीवींची अंडी हलकी असल्यामुळे वर तरंगून चकतीला चिकटतात. डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. पांढुरक्या क्षेत्रात दुहेरी कडेची अंडाकृती वलये, म्हणजे आयमेरियाची बीजे, पसरली होती, प्रत्येकाच्या आत एक दाणेदार गोळा, आणि पट्टी किंचित सरकवली की नव्याने तितकीच दिसत होती. दुसऱ्या डबीतल्या नमुन्यातही ती होती, पण शोधावी लागत होती. डॉक्टर म्हणाले, “निरोगी कोंबडीतही थोडी सापडतातच. नुसती दिसली म्हणून औषध देत नाही आम्ही. इथे संख्या, आव, रक्त आणि उतरलेले वजन हे सगळे एकत्र आहे, म्हणून देतो.” गोल जंतांची अंडी कोणत्याच नमुन्यात आढळली नाहीत, त्यामुळे जंतनाशक त्या वेळी दिले नाही.

जुन्या कोंबड्या ठणठणीत आणि नवी तलंगच आजारी का, याचे उत्तरही तिथेच मिळाले. आमच्या परसातल्या कोंबड्या इथल्या जमिनीतल्या आयमेरियाला लहानपणापासून थोड्या-थोड्या प्रमाणात सामोऱ्या गेलेल्या होत्या आणि त्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती आली होती. तरी त्या विष्ठेवाटे परजीवी टाकतच होत्या. एका जातीविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या जातीपासून वाचवत नाही, त्यामुळे बाहेरून आलेल्या तलंगेला इथल्या जाती नव्या होत्या. त्यात भोरचा पाऊस. विष्ठेतून बाहेर पडलेली आयमेरियाची बीजे लगेच संसर्ग करत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली की दोनेक दिवसांत ती पक्व होतात आणि मगच घातक ठरतात. कोरड्या तुसात ती तग धरत नाहीत. झडीच्या दिवसांत पागोळ्यांचे पाणी खुराड्याच्या एका कोपऱ्यात झिरपत होते, आणि नव्या म्हणून दांडीवर जागा न मिळालेल्या तलंगा नेमक्या त्याच कोपऱ्यात बसत होत्या.

औषध अँप्रोलियमचे दिले. २० टक्के अँप्रोलियमची पाण्यात विरघळणारी भुकटी लिटरमागे १.२ ग्रॅम या प्रमाणात ५ दिवस, आणि त्यानंतर लिटरमागे ०.३ ग्रॅम या प्रमाणात आणखी आठवडाभर, असे डॉक्टरांनी लिहून दिले. पाकिटावरची टक्केवारी वेगळी असेल तर हे माप बदलते, म्हणून प्रमाण आपापल्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्यावे. चमच्याच्या अंदाजाने एवढी कमी भुकटी मोजता येत नाही. मी सोन्या-चांदीसाठी वापरतात तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा वापरला आणि रोज सकाळी ५ लिटर पाण्याला ६ ग्रॅम असे ताजे द्रावण करून आदल्या दिवशीचे ओतून टाकले. हे औषध परजीवीला थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, मिळू देत नाही आणि त्याला उपाशी मारते. याच कारणाने औषध चालू असताना ब जीवनसत्त्वाची टॉनिके देऊ नयेत, ती औषधाचा परिणाम बोथट करतात. घरात अशी बाटली होती. ती औषधाचा क्रम संपेपर्यंत फडताळातच राहिली आणि नंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच उघडली.

औषध खुराड्यातल्या सगळ्यांनाच द्यायचे ठरले होते, आणि पावसाळ्यात हे बोलण्याइतके सोपे नसते. कोंबड्या अंगणात मोकळ्या सोडल्या तर त्या डबक्यांतले, पागोळ्यांखालचे, गोठ्याजवळचे पाणी पितात, आणि भांड्यातले औषधी पाणी तसेच राहते. औषध पोटात गेलेच नाही तर ते निकामी आहे असा बोभाटा मात्र होतो. म्हणून ते सगळे दिवस कोंबड्या बंद ठेवल्या आणि प्यायला तेवढे एकच पाणी ठेवले. तांबडी स्वतःहून फारसे पीत नव्हती. तिला मांडीवर धरून, सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेला एक-एक थेंब सोडायचा आणि तिने गिळल्याची हालचाल दिसली की मगच पुढचा, असे तासा-दोन तासांनी करावे लागले. घाईने चोच उघडून पाणी ओतणे हे उलटी धरण्याइतकेच धोक्याचे आहे. खाणे थोडे-थोडे आणि मऊ ठेवले. तांदळाच्या कण्यांची पातळ पेज, उकडलेल्या अंड्याचा बारीक चुरा आणि वाढत्या कोंबड्यांसाठी असलेले तयार खाद्य कोमट पाण्यात भिजवून द्यायची. ज्वारीचे आणि मक्याचे अख्खे दाणे, हिरवे गवत आणि कोंडा पूर्ण बंद होता. पिशवी सकाळी रिकामी होते आहे असे हाताला लागेपर्यंत पुढचे खाणे वाढवायचे नाही, हा नियम मी कसोशीने पाळला.

या काळात सल्ले पुष्कळ आले. खाद्याच्या दुकानात लक्षणे ऐकल्याबरोबर प्रतिजैविकाची बाटली पुढे करण्यात आली, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय. मी ती घेतली नाही, आणि इतरांनीही अशी घेऊ नये असे कळकळीने सांगते. सगळीच प्रतिजैविके या परजीवीवर चालतात असे नाही, आणि चुकीचे दिले तर पोटातले उपयोगी जिवाणू मरून अन्नपिशवीत त्याच आंबट बुरशीला मोकळे रान मिळते, म्हणजे एका दुखण्यातून दुसरे उभे राहते. मोरचूद पाण्यात टाकून पाजण्याचा जुना उपायही कोणी सुचवला. त्याची मात्रा थोडी चुकली तरी ते विष ठरते, ते घरच्या हाताने देण्याचे औषध नव्हे. आत्यांनी हळद आणि लसूण आणून दिला. पेजेत चिमूटभर हळद मी घातली, त्याने बिघडत काही नाही. पण त्या भरवशावर अँप्रोलियम एक दिवसही लांबवले नसते.

पहिला बदल विष्ठेत दिसला. आवेतला लालसरपणा दोन दिवसांत कमी झाला, मग पाणी कमी झाले, आणि एका सकाळी कागदावर पांढऱ्या टोपीची, आकार धरलेली शीट पडलेली होती. त्याच सकाळी अन्नपिशवी प्रथमच सपाट लागली. तिच्यासाठी वेगळे असे काहीच केले नव्हते. खालच्या आतड्याचे काम सुरू झाले आणि वरचे साठलेले आपोआप पुढे सरकले. तुरा फिका होता तो गुलाबी व्हायला मात्र बराच वेळ लागला, कारण रक्त भरून येणे हे काम सावकाशीचे असते. वजन मी दर दोन-तीन दिवसांनी एकाच वेळी, सकाळी उपाशीपोटी, टोपलीसकट करून टोपलीचे वजा करत असे. डोळ्यांना कोंबडी बरी दिसू लागली तरी काटा काही दिवस जागचा हलला नव्हता, आणि औषध मध्येच थांबवू नये याची खूण मला त्या काट्यानेच दिली.

एकीकडे खुराड्याचे काम चालू होते. ओले तूस सगळे बाहेर काढून कोंबड्यांचा वावर नाही अशा खड्ड्यात पुरले. या बीजांचे कवच इतके चिवट असते की फिनाईल किंवा ब्लीचिंग पावडर त्यांचे फारसे काही बिघडवत नाही. कडक वाळवण आणि उष्णता यांनीच ती मरतात. लोखंडी जाळी आणि कोबा यांवरून मोठ्या पोल्ट्रीवाल्यांप्रमाणे गॅसच्या ज्योतीचा झोत फिरवला, लाकडी दांड्या उकळत्या पाण्याने धुतल्या, पागोळ्यांना पन्हळ लावून पाणी दूर नेले आणि जमीन कोरडी झाल्यावर थोडी चुन्याची भुकटी टाकून वर बोटभर जाडीचा नवा तुसाचा थर दिला. हे तूस रोज दाताळ्याने खालीवर करणे हा आता सकाळचा नेम आहे. पाण्याची आणि खाद्याची भांडी कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगली, म्हणजे त्यांत विष्ठा पडत नाही आणि पाणी सांडून तूस भिजत नाही. माझ्या मते या सगळ्या उपचारांत औषधाचा वाटा निम्मा, उरलेला निम्मा कोरड्या जमिनीचा.

खाद्याचीही घडी बदलली. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते, आणि अंड्यावर न आलेल्या तलंगेला ते फार दिवस मिळाले तर तिच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आता सगळ्यांना वाढीचेच खाद्य असते आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवलेला असतो. ज्या अंडी देतात त्या आपणहून तो खातात. त्याशेजारी नदीतली धुतलेली बारीक खडी असते, कारण शिंपला पोटात विरघळून जातो आणि दळण्याचे काम दगडालाच करावे लागते. कोंबड्या बंदिस्त असतात तेव्हा तर ही खडी विसरून चालत नाही.

बरी झाल्यावर तांबडीला एकदम कळपात सोडले नाही. आधी काही दिवस खुराड्याच्या आतच जाळीपलीकडे, काळीला सोबत देऊन ठेवले. इतरांना ती दिसत होती पण चोच पोहोचत नव्हती. मग एका संध्याकाळी अंधार पडल्यावर दोघींना दांडीवर बसवले. औषधाचा क्रम संपून काही आठवडे झाल्यावर सगळ्यांच्या विष्ठेचा नमुना पुन्हा तपासून घेतला. परजीवी पूर्णपणे गेलेले नव्हते आणि जाणारही नव्हते, पण संख्या तुरळक होती, आणि डॉक्टरांनी पुन्हा औषध देण्याची गरज नाही असे सांगितले. तांबडी अंड्यावर काळीपेक्षा उशिरा आली, तिची अंडीही आकाराने थोडी लहान असतात. पण ती नियमित देते आणि तिची अन्नपिशवी मी अजूनही अधूनमधून सकाळी चाचपून पाहते.

नवे पाखरू आणले की ते निदान तीन-चार आठवडे पडवीत वेगळे ठेवायचे, त्याच्या लसीकरणाचे डॉक्टरांना विचारायचे, विष्ठा तपासून घ्यायची आणि मग परसातल्या जमिनीशी त्याची ओळख कोरड्या दिवसांत, थोडी-थोडी करून द्यायची, असे आता आमच्याकडे ठरले आहे. यंदा पाऊस लागण्याआधीच, वैशाखात, दोन नव्या तलंगा आणल्या आहेत. त्यांच्या विष्ठेची डबी येत्या सोमवारी दवाखान्यात द्यायची आहे.